कागदाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर आजारी पडला की आधी धापा टाकतो आणि मग बरळायला लागतो, असं युनशीचं ठाम मत होतं. ताइनान शहराच्या अरुंद गल्लीतल्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या समोरच्या भिंतीला तो जुना कॉम्प्युटर होता. त्या आठवड्यात त्याचा पंखा उगाचच घरघरायला लागला. न मागितलेल्या जाहिराती एकीवर एक उघडायला लागल्या. आणि माउसला कुणी हात लावलेला नसताना पडद्यावरचा बाण हळूच सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. लहान मूल ओळीवर बोट ठेवून वाचतं ना, तसा.

"बघ बाई तुझ्या मित्राला काय झालंय," आई पेजेच्या पातेल्यावरून मान न वळवता म्हणाली. "शाळेच्या कॉम्प्युटर क्लबची अध्यक्ष झालीस म्हणे. आम्हाला मत द्यायला नाही मिळालं, निदान फायदा तरी मिळू दे."

"मिळेल, मिळेल. आधी सांग, काय दाबलंस?"

"मी कशाला काय दाबीन? मालिका बघत होते, तर मधेच 'तुमचा कॉम्प्युटर जलद करा' असं आलं. म्हटलं, जलद झाला तर बरंच."

युनशीनं कपाळावर हात मारला आणि स्टूल ओढलं. अध्यक्ष होऊन तिला एकच महिना झाला होता. आपल्याला हे येतं, ही जाणीव नवीकोरी होती, आणि ती कुठेतरी वापरायला मिळावी म्हणून तिचे हात शिवशिवत होते.

पण आईचा चेहरा काही थट्टेचा नव्हता. "मला त्या जाहिरातींचं काही नाही गं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सकाळी बाबांचा सेनापतीचा खेळ लावला. आवाजच येत नाहीये."

बाबा म्हणजे आईचे वडील, युनशीचे आगोंग. साडेतीन महिन्यांपूर्वी गेले. जन्मभर त्यांनी देवळासमोर बाहुल्यांचे खेळ केले. पडद्याआडून राजा, चोर, म्हातारी, वाघ, सगळ्यांचे आवाज ते एकटे काढायचे. हात थरथरायला लागले तेव्हा बाहुल्या पेटीत गेल्या. आवाज मात्र खणखणीत होता. म्हणून याच खोलीत, दारंखिडक्या लावून, एकट्यानं बसून त्यांनी आपले खेळ कॉम्प्युटरवर बोलून ठेवले होते. आई रोज सकाळी आपल्या खाण्याच्या टपरीसाठी मासे साफ करताना त्यातला एक लावायची. सुरी चालायची आणि बापाचा आवाज चालायचा. त्याशिवाय तिचा दिवस सुरूच व्हायचा नाही.

युनशीनं काम शिस्तीत केलं. आधी कॉम्प्युटरचं वाय-फाय तोडलं, म्हणजे आतला चोर बाहेरच्या साथीदाराशी बोलायला नको. मग कॉम्प्युटर अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू केला, 'जलद करणारा' तो भामटा प्रोग्राम शोधून काढून टाकला, साठलेला कचरा साफ केला. आगोंगच्या खेळांच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि पेन ड्राइव्ह दप्तरात टाकला.

नवा अँटिव्हायरस घ्यायचा म्हणून ती मामाकडे गेली. मामाचं दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं.

"हा घे, चकचकीत खोक्यातला," मामा म्हणाला. "आणि जोडीला हा फुकटचा. दोन पहारेकरी बरे."

"मामा, दुकान तुझं आहे ना खरंच? दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले की ते एकमेकांनाच व्हायरस समजतात."

"म्हणजे एका स्वयंपाकघरात तुझी आई आणि तुझी आत्या."

"तसंच!"

तिनं बराच वेळ पारख केली. एक मशीनला पार हळू करायचा. दुसरा सारखा भीती घालून पैशांच्या पानावर न्यायचा. शेवटी तिनं गुपचूप काम करणारा एक निवडला, तोही थेट बनवणाऱ्यांच्याच साइटवरून. घरच्या वाय-फायवर कोण कोण जोडलेलं आहे, हे तो दाखवायचा. तिला ते आवडलं.

त्यानं दुपारभर स्कॅन केलं आणि हिरवी खूण दाखवली. कॉम्प्युटर स्वच्छ. पंखा शांत झाला. बाणही गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी आगोंगचा चोराचा खेळही मुका झाला.

फाइल होती तेवढीच होती. वेळ पुढे सरकत होती, फक्त आगोंग नव्हते. युनशीनं कानाला हेडफोन लावला आणि आवाज वाढवत नेला. सुरुवातीला नुसती खरखर. मग कुणीतरी खोकलं.

पुन्हा खोकला, जरा लांबून. कपडे सावरल्याची सळसळ. कलिंगडाच्या बिया दातांत फोडल्याचा बारीक आवाज, एकाचा, मग दुसऱ्याचा, मग इकडूनतिकडून पुष्कळांचा. खेळ सुरू व्हायच्या आधी देवळाच्या अंगणात असतो तसा.

आगोंगनी हे खेळ एकट्यानं बोलून ठेवले होते. बंद खोलीत.

तिनं दप्तरातून पेन ड्राइव्ह काढला. तो साफसफाईनंतर कशालाही लावलेला नव्हता. त्यावरचा चोराचा खेळही मुका होता, आणि तिथेही कुणीतरी बिया फोडत होतं.

मग रोज एक. वाघ गेला. म्हातारी गेली. आईनं विचारणं सोडून दिलं. ती सकाळी नुसती येऊन कॉम्प्युटरपाशी उभी राहायची, हातातली सुरी ओली, आणि परत जायची. शेवटी एकच खेळ उरला, बुटक्या राजाचा. तो आईच्या लहानपणी आगोंग फक्त तिच्यासाठी करायचे.

सोमवारी टपरी बंद असते. मामा आला होता, आईनं टपरीची लाल स्टुलं धुवायला काढली होती. युनशीनं अँटिव्हायरसमधली ती वाय-फायची यादी उघडली आणि मोजलं. आईचा फोन, तिचा फोन, टीव्ही, कॉम्प्युटर. आणि पाचवं एक, ज्याला कंपनी नव्हती, नाव नव्हतं. नुसतं 'अनोळखी उपकरण'.

"शेजारचा कुणीतरी फुकट वापरतोय," मामा म्हणाला. "पासवर्ड कुणाला दिला होतास?"

"कुणालाच नाही."

"आठव नीट."

ती आठवायला लागली, आणि आठवलं.

गेल्याच पंधरवड्यात आगोंगचा शंभरावा दिवस झाला. रिवाजाप्रमाणे कागदाचं घर जाळलं, कागदाचे कपडे जाळले. गेलेल्याचं नाव लिहून वस्तू जाळली की ती त्याच माणसाला पोचते. कागदाचा एक कॉम्प्युटरही होता, कीबोर्डसकट, युनशीनं हट्टानं आणलेला. नुसता कॉम्प्युटर देऊन काय उपयोग, म्हणून तिनं त्याच्या कागदी पडद्यावर सुंदर अक्षरात घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड लिहिला होता. गल्लीतली माणसं पोट धरून हसली होती.

"पण आगोंगचं नाव लिहिलं होतंस ना त्यावर?" आईनं विचारलं.

युनशीनं जीभ चावली. पासवर्डाच्या नादात नाव राहूनच गेलं होतं, म्हणजे तो कुणाही मेलेल्याला पोचला असेल.

मामा हसायला लागला. मग बहिणीचं तोंड बघून थांबला. "ताई, अगं, कागद जळला. राख झाली."

"घरही कागदाचंच होतं की," आई म्हणाली. "ते बाबांना पोचलं, असं तूच म्हणालास ना?"

मामा धुतलेली स्टुलं कॉम्प्युटरसमोर ओळींनी मांडायला लागला.

आईनं हात धुतले, उदबत्ती लावली आणि देव्हाऱ्यातून कौल घ्यायचे दोन लाकडी तुकडे काढले, चंद्रकोरीसारखे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार.

"बाबा, तो तुम्हीच का?"

दोन्ही पालथे. तिनं पुन्हा टाकले. पालथे. तिसऱ्यांदाही पालथेच.

बाहेरच्या मोरीत पाणी गळत होतं.

"पासवर्ड बदलू का, विचार," युनशी म्हणाली.

आईनं विचारलं. दोन्ही तुकडे उताणे पडले आणि पाठीवर डुलत राहिले.

"हसताहेत," आई पुटपुटली. "हो नाही, नाही नाही. प्रश्न चुकतोय आपला. थांब, वेगळं विचारते."

"काय वेगळं? आई, वेळ कुठेय? राजाही जाईल."

"दोन मिनिटं थांब गं."

"तोवर आवाज गेला तर? मला येतं हे, मला करू दे."

युनशीनं पासवर्ड बदलला. लांबलचक, कुणाला न सुचणारा. एकही अक्षर चुकलं नाही. यादी कोरी झाली आणि पुन्हा भरली. चार नावं. पाचवं नव्हतं.

तिनं घाईघाईनं चोराचा खेळ लावला, आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. खोकला नाही, सळसळ नाही. वाघ लावला, म्हातारी लावली. सगळीकडे स्वच्छ शांतता. जे कोण होते ते उठून गेले होते.

"गेले!" ती ओरडलीच. "आई, गेले!"

आईनं बुटक्या राजाचा खेळ लावला.

आगोंगचा आवाज आला.

खणखणीत, पहिल्यासारखा. बुटका राजा सिंहासनावर चढायला शिडी मागत होता. मामानं तोंड फिरवून डोळे पुसले. आई भिंतीला टेकून ऐकत होती, ओठ हलवत, शब्द तिचे पाठ होते. तिघंही उभीच होती. खेळ संपेपर्यंत कुणाला बसायचं सुचलंच नाही.

संपल्यावर युनशी स्टुलांकडे वळली. धुतलेली स्टुलं निथळायला म्हणून मामानं मघाशीच खोलीत ओळींनी मांडली होती. मागच्या ओळींखाली अजून पाण्याची थारोळी होती. तिनं पुढच्या ओळीतलं एक ओढलं आणि बसली.

ते कोरडं होतं.

तिनं शेजारच्या स्टुलावर हात ठेवला. मग त्याच्या शेजारच्या.

उबदार होतं. कुणीतरी आत्ताच उठावं तसं.