लिंबाने घासलेलं नाणं

रोमुलो पहिल्यांदा माझ्या ठेल्यावर आला तो रस प्यायला नव्हे. त्याला सुटे हवे होते. मी दिलेली नाणी खिशात न टाकता त्याने तिथेच मांडली, एकेक दोन बोटांत धरून उलटंसुलटं केलं, कडा नखाने चाचपल्या.

"खोटी वाटली की काय, कासेरो?" मी घुश्शातच विचारलं. आमच्या बाजारात गिऱ्हाईक आणि विकणारी एकमेकांना कासेरो-कासेरा म्हणतात.

"खरीच आहेत, कासेरा. मी चुकलेली शोधतोय."

त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बाजारापासून दोन गल्ल्या पलीकडे. मग तो रोजच येऊ लागला. पेला संपला की ब्लेंडरमध्ये उरलेला पपईचा रस, आमची यापा, मी गिऱ्हाइकाला फुकट ओतायचे. ती पिईपर्यंत तो डोळ्याला भिंग लावून माझा गल्ला तपासायचा, मलाही शिकवायचा.

"हे बघा, इथे चरा आहे. हा रस्त्यात लागलेला मार, याला किंमत नाही. टाकसाळीत ठसा बसतानाच जे चुकलं, तेच खरं."

"आणि माणसाचं?"

"माणसाचं भिंगातून दिसत नाही," म्हणत त्याने भिंग काढलं आणि माझ्याकडे बघत राहिला… मी उगाचच ओट्यावर फडकं मारत बसले.

सहा वर्षं तो एकाच नाण्याच्या मागे होता. एक सोलचं, आमच्या रोजच्या चलनातलं, पण ठसा सरकलेलं, एका कडेला कोरी चंद्रकोर राहिलेलं. एका मंगळवारी बटाटेवाल्या बाईने रसाचे पैसे दिले, त्यात ते माझ्या हातात आलं. आणि मी ते चक्क एप्रनच्या खिशात लपवलं. सापडलं की हा यायचा थांबेल, एवढंच तेव्हा मनात आलं.

नऊ दिवस तो माझ्यासमोर बसून शोधत होता, आणि मी त्याला जास्तीची यापा ओतत होते. दहाव्या दिवशी माझं मन मलाच खायला उठलं. देऊन टाकायचं ठरवलं. पण असं मळकट कसं द्यायचं? लिंबू-मीठ लावून घासघासून लख्ख केलं.

त्याने ते हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"घासलंत?"

"छान दिसावं म्हणून…"

"मळाखालची टाकसाळीतली मूळ झळाळी घासून गेली. आता कुणी संग्राहक याला हात लावणार नाही."

त्याचा आवाज चढला नाही, तेच मला जास्त लागलं. मग मी सगळंच सांगून टाकलं. "नऊ दिवस माझ्या खिशात होतं. मिळालं की तुम्ही यायचे बंद व्हाल म्हणून —"

त्याने नाणं ओट्यावर ठेवलं.

"माझा चुलतभाऊ बँकेत आहे," तो म्हणाला. "दर शुक्रवारी नाण्यांच्या थैल्या मला बदलून देतो. एकेका थैलीत हजार नाणी. तुमच्या गल्ल्यात असतात फार तर चाळीस."

"मग रोज इथे…?"

"चार महिने शिकवतोय, नेलिदा. चुकून झालेलं कोणतं आणि मुद्दाम केलेलं कोणतं, एवढंही तुला ओळखता येऊ नये?"

मला हसू आलं, रडूही आलं. काहीतरी करायचं म्हणून मी पेला भरून त्याच्यापुढे ठेवला. त्याने पेल्याऐवजी माझा हात धरला, लिंबाने खरखरीत झालेला. समोर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी हात सोडवून घेतला नाही.