धरमसिंग मास्तरांचं गोत

मी पडले ती थेट त्याच्या पायाशी.

उतारावरचा मुरूम सैल होता. पुढचं चाक सरकलं, सायकल एकीकडे, मी दुसरीकडे... आणि समोर मोहाच्या झाडाखाली एक तरुण पंक्चर काढत बसलेला. त्यानं वर पाहिलं. हसला मात्र नाही. ते मला आवडलं.

"लागलं काय?"

"नाई."

"मंग उठून काहून नाई राह्यल्या?"

"तुमचं पंक्चर पाहून राह्यली. सोल्युशन वाळलं नाई अजून. आत्ताच ठिगळ लावान तं पुढच्या चढावर निंघून येईन."

त्यानं ठिगळ हातातच धरलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मलाच उठायची घाई झाली.

१९६३ सालातली ही गोष्ट. मी, नंदा, दिग्रसला नुकतीच ग्रामसेविका म्हणून लागले होते. हिवाळा सुरू झाला तसे आम्ही तिघं दर रविवारी सायकलींवरून डोंगरातल्या तांड्यांवर जायला लागलो. नर्स लीलाबाई देवीची लस टोचायच्या, मी बायकांना समजावायची. तिसरे हबीबभाई, सायकलच्या दुकानाचे मालक. त्यांचं तिथे काहीच काम नव्हतं. पण गिट्टीच्या त्या सडकेवर दर फेरीला काहीतरी मोडायचंच, आणि त्यांना स्वतःला चढ चढायची भारी हौस.

त्या दिवसापासून आम्ही चौघं झालो. धरमसिंग मास्तर वरच्या तांड्यावरच्या शाळेत शिकवायचे. पुढच्या रविवारी बघते तर पुन्हा त्याच झाडाखाली उभे.

"सुट्टीच हाय," ते म्हणाले, "वाट दाखवतो."

वाट एकच होती, आणि ती मला पाठ होती. मी म्हणाले, "दाखवा."

दाखवणारा माणूस पुढे असतो ना? हे नेहमी माझ्या मागे! सकाळी सागाची पानं दवानं ओली असायची, शेतातली तूर पिवळी फुललेली, आणि मागून सारखी घंटी.

"समोर कोनी नाई, घंटी कायले वाजवता?"

"तुमी वळून पाहता म्हनून."

मी पुन्हा पाहायचं नाही असं ठरवायची. पुढची घंटी वाजेपर्यंत ते टिकायचं.

मला भारी चौकशा. कोणत्या वर्गाला शिकवता, सायकल कुठून घेतली, चहात गूळ की साखर – सगळं विचारून झालं. एक तेवढं सोडून. आम्हा गोर बंजाऱ्यांत दोन अनोळखी माणसं भेटली की पाण्याच्या आधी गोत विचारतात. एकाच गोताचे निघाले की भाऊ-बहीण, मग तांडा कुठलाही असो. लग्नाचा विषयच संपला. आम्ही दोघंही गोर, हे बोलण्यावरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी विचारत नव्हते. आणि नवल म्हणजे... तेही विचारत नव्हते!

सहा रविवार असे गेले. सातव्या रविवारी लस टोचून झाल्यावर लीलाबाईंना यादीवर कुणाची तरी साक्ष हवी होती. मास्तरांनी सही केली, आणि कागद सांभाळायला माझ्याकडे आला.

ध. बा. राठोड.

मी ती सही दोनदा वाचली. कारण आमच्यात आडनाव तेच गोत, आणि मीही राठोडच.

उतारावर मी सायकल सुसाट सोडली. लीलाबाई मागून ओरडत होत्या, मी कुणाचं ऐकलं नाही. शेवटी मास्तरांनी मला गाठलं.

"काय झालं?"

"काई नाई... भिया."

भिया म्हणजे आमच्यात भाऊ. त्यांनी असा ब्रेक दाबला की मुरूम उडाला.

"भिया? कायले?"

"मी बी राठोडच हाय." माझे डोळे भरून आले, आणि मला ते लपवता येईना.

आणि हा माणूस – हसला! सगळा चेहरा खुलला.

"तुमी राठोड? पक्क्या राठोड?"

"पक्की. बहीन भेटल्याची एवढी खुशी झाली काय?"

"माह्या तोंडानं सांगीन तं खरं नाई वाटनार तुमाले. चला वर. माह्या याडीले इचारा."

त्यांनी सायकल वळवली आणि उतरलेला चढ पुन्हा चढायला लागले. मला राग आला होता, रडू आलं होतं. पण त्याहून जास्त, हे काय गौडबंगाल आहे ते कळायलाच हवं होतं. मीही वळले.

"अरे बाप्पा! आत्ताच तं उतरलो!" मागून हबीबभाई.

"गप चला हो," लीलाबाई म्हणाल्या, "मले बी पाह्यचं हाय."

चढावर त्या दोघांनी उतरून सायकली ढकलल्या. मी उतरले नाही. राठोडाची आई दुसरं काय सांगणार, असं मन म्हणत होतं, आणि पाय काही थांबत नव्हते.

मास्तरांची आई, भुरीबाई, दारात कापूस निवडत बसली होती. धुळीनं माखलेल्या मला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुनाची व तू, बाई? गोत कोनतं?"

आम्ही दोघांनी इतके दिवस गिळलेला प्रश्न तिनं एका दमात विचारून टाकला.

"राठोड," मी म्हणाले.

"चांगलं हाय. आमी पवार."

"पन सही तं..."

"ते व्हय? शाळेत नाव टाकाले आमच्या तांड्याचा नायक घेऊन गेलता, अकरा पोट्टे एकदम. तिथच्या मास्तरनं एकट्या नायकालेच आडनाव इचारलं, अन् अकराही पोट्ट्यांले राठोड करून टाकलं. कागदावर काय बी लिवो, तांडा थोडीच इसरते?"

हबीबभाई खो खो हसत ओट्यावर बसले. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. भुरीबाई पाणी आणायला आत गेली.

मास्तर हँडल धरून उभे होते, धापा टाकत. माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"तुमी काहून नाई इचारलं मले गोत?" मी हळूच म्हटलं.

"तुमी पवार म्हनाल्या असत्या तं? मंग रविवारी मी झाडाखाली कायले उभा राह्यलो असतो?" ते थांबले. मग पहिल्यांदाच 'तुमी' गळून पडलं. "नंदा... तू तं सारंच इचारते. तू काहून नाई इचारलं?"

"तुमी आवडले म्हनून," मी म्हणाले.