होडीखालची चिमणी

इंद्रभान सुतार नांदुऱ्याच्या बाजारातून राळ आणि जवसाचं तेल घेऊन निघाला तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत जो भेटेल तो होडी झाली का म्हणून विचारी आणि गालातल्या गालात हसे. हसणारच की. वऱ्हाडातल्या सुताराने पेरणीची तिफण करावी, गाडीचं चाक करावं. होडी कसली करतो? पण हिंमतरावांसारख्या बड्या शेतकऱ्याला एकदा नाद लागला की त्याला कोण आवरणार? नागपूरहून दौऱ्यावर आलेल्या एका साहेबाबरोबर त्यांनी पूर्णेच्या डोहात गळ टाकला, आणि मासा सुटला तरी हिंमतराव काही सुटले नाहीत.

अशा शौकिनांच्या होड्या इंद्रभान नदीकाठच्या आपल्या छपरीत हाताने करायचा, आणि त्याही ज्याच्या त्याच्या मापाने. हिंमतरावांचा डावा गुडघा वाकत नसे, म्हणून त्यांची बैठक उंच धरली होती आणि पाय लांबवायला पुढे जागा सोडली होती. सागाच्या फळ्यांच्या सांध्यांत कापसाचे पिळे ठोकायचे, वरून राळ-तेल भरायचं. खरी परीक्षा मग दिवेलागणीला. होडी जमिनीवर पालथी घालायची, कडेने पोती लावायची, आणि कोकिळा, त्याची बायको, रॉकेलची पेटती चिमणी घेऊन आत बसायची. बाहेर अंधारात इंद्रभान खडू घेऊन फिरायचा. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खूण करायची, कारण जिथून उजेड बाहेर येतो तिथूनच पाणी आत येतं. एक सांधा पाहून झाला की तो फळीवर दोनदा टकटक करी. आतून ती दोनदा उत्तर देई आणि चिमणी पुढे सरकवी. शेवटी इंद्रभान खांदा लावून कड उचले, आणि घामाने निथळत कोकिळा हसत बाहेर येई.

गेल्या पावसाळ्यात ती तापाने गेली. त्यानंतर कितीतरी दिवस इंद्रभानने हत्याराला हात लावला नाही. हिंमतरावांचे निरोपावर निरोप यायला लागले, तेव्हा कुठे त्याने अर्धी राहिलेली होडी पुढे ओढली. बाजारातून आणलेल्या राळेने उरलेले सांधे भरले, आणि होडी पालथी घालून घेतली.

आता आत कुणाला बसवणार? त्याने कडेखाली हाताएवढी खाच खणली, चिमणी आत सरकवली आणि खाच पोत्याने बुजवली. एका सांध्यात उजेडाचा ठिपका दिसला. त्याने खूण केली. आणि जन्माची सवय ती, हाताने फळीवर दोनदा टकटक केलीच.

आतून दोनदा उत्तर आलं.

मग उजेड हळूच पुढच्या सांध्याकडे सरकला.  नदीचा आवाज नव्हता, वारा नव्हता, नुसता राळेचा आणि तापलेल्या लाकडाचा वास होता. पळून जावं असं वाटलं, पण पाय निघण्याआधी डोळेच भरून आले. तो तिथेच मातीत बसला आणि फळीला कपाळ टेकून पोटभर रडला.

त्या दिवसापासून होडी काही पुरी होईना. सकाळी तो आदल्या दिवशीचं भोक बुजवी, आणि दुपारी आसपास कुणी नाही असं पाहून दुसऱ्या सांध्यातला कापूस टोच्याने उकरून ठेवी. एवढा नावाजलेला कारागीर, आणि आपल्याच हाताने आपली होडी नासवत होता. ठिपका दिसेल तोवर काम उरेल, आणि काम उरेल तोवर ती येईल, इतकंच त्याला कळत होतं. बोलायचं धाडस मात्र होत नव्हतं. टकटक करायची, उत्तर ऐकायचं, आणि समाधानाने घरी जाऊन जेवायचं. विझलेली चिमणी सकाळी खाचेतून ओढून घ्यायची.

एके सकाळी हिंमतराव काठी टेकत छपरीत आले. बहाणे ऐकून त्यांचे कान किटले होते.

"उद्या नेतो मी होडी," ते म्हणाले. "थोडंबहुत पानी आलं तं उपसून टाकीन. नातीले कबूल केलं हाये, डोहात नेतो म्हणून."

"पोहता येते का तिले, पाटील?"

"ना तिले, ना मले. तुही होडी हाये, मंग भेव कायचं?"

हिंमतराव गेले. इंद्रभान टोचा हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिला. मग त्याने टोचा ठेवून दिला आणि एकूण एक सांधा मन लावून भरला.

दिवेलागणीला चिमणी आत गेली. तो होडीभोवती फिरला, पुन्हा फिरला. एक तरी ठिपका दिसावा म्हणून त्याचा जीव कासावीस झाला, पण होडी काळीकुट्ट होती. त्याने टकटक केली. उत्तर आलं. आता रिवाजाने कड उचलायची, पण खांदा पुढे होईना. उचलली आणि खाली कुणीच नसलं तर…

"कोकिळा," त्याने पहिल्यांदाच हाक मारली. "आता कुठूनच उजेड दिसत नाही वं. काम सरलं… पन मी कड उचलत नाही. तू अठीच राह्य…"

 मग आतून, फळीला अगदी लागून, दबलेल्या आवाजात,

"उचला ना जी… लय गरम होऊन राह्यलं…"

 इतक्या संध्याकाळी गेल्या, एकदाही त्याने कड उचलली नव्हती. पोती लावून, चिमणी पेटवून, तिला आत कोंडून तो रोज घरी जाऊन जेवत होता.

त्याने खांदा लावला. कड वर आली तशी धुराची गरम हवा तोंडावरून गेली, चिमणीची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. खाली कुणी दिसलं नाही. तरी तिला घाई नको म्हणून खांदा भरून येईपर्यंत त्याने कड धरून ठेवली. मग हळूच खाली टेकवली आणि टकटक केली. या वेळी आतून उत्तर आलं नाही.

रात्रभर तो छपरीतच पडून होता. पहाटे नदीवर जाऊन आंघोळ करून आला, तोवर हिंमतराव गडी आणि बैलगाडी घेऊन हजर होते. गड्यांनी होडी सुलटी केली. आतल्या बाजूला, जिथे जिथे त्याने टोच्याने कापूस उकरला होता तिथे तिथे, नेमकं त्या सांध्याशी, काजळीचं एकेक बोट उठलं होतं. त्याने गावापासून लपवलेलं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती रोज येऊन बसत होती, त्या धुरात, त्याच्यासाठी.

 हिंमतराव इंद्रभानकडे निरखून पाहत होते.

"इंद्रभान, तुह्या गालाले काय लागलं? काजळीचं बोट दिसते."

इंद्रभानचा हात गालाकडे गेला. तेवढी जागा अजून गरम होती.