सरकीची यादी

ज्ञानेश्वरी दुकानात शिरली तेव्हा तिच्या ओढणीला शेपूट होतं.

दुकान जनावरांच्या औषधांचं, सेलूच्या मोंढ्याच्या कोपऱ्यावरचं. बाहेर भाद्रपदातला पाऊस... धड पडतही नव्हता, धड थांबतही नव्हता, नुसता छळत होता. काउंटरमागे बसलेल्या पोरानं मोबाइलवरची मान वरसुद्धा केली नाही.

"बोला. म्हशीला काय झालं?"

"म्हैस नाहीये."

तेवढ्यात ओढणी शिंकली.

आता मात्र त्यानं वर बघितलं. आधी ओढणीकडे, मग तिच्याकडे — आणि तिथंच जरा जास्त वेळ. "आमच्याकडं शिंकणाऱ्या ओढणीवर औषध न्हाई बघा."

ओढणीतून एक ओलं काळं नाक बाहेर आलं. पाठोपाठ पांढरंशुभ्र पिल्लू, अंगभर काळे ठिपके. सीझन नव्हता म्हणून वडील कामाला होते ती कापसाची जिनिंग बंद होती आणि मागच्या वर्षीच्या कापसाच्या ढिगात एका कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. त्यातलं हे सगळ्यात बारकं. कापसात सापडली, ठिपके बियांसारखे, म्हणून तिचं नाव सरकी. तिला नाव असं आपोआपच मिळालं होतं.

ज्ञानेश्वरीनं बी.एस्सी.च्या वहीतून फाडलेला कागद पुढं केला. रात्रभर मोबाइलवर वाचून केलेली यादी होती ती. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांनी काय काय आणावं, त्याची. गळ्यातला पट्टा, दोरी, खायचं भांडं, पाण्याचं भांडं, गादी, चघळायचं खेळणं, ब्रश, शाम्पू, नखं कापायची कात्री, नाव-पत्त्याचा बिल्ला... एकूण अकरा. शेवटची अकरावी ओळ होती — लस.

"गादी?" तो हसायलाच लागला. "अहो, मला घरात गादी न्हाई. मी सतरंजीवर झोपतो."

आणि मग त्याचं तिच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. सुजलेले, लाल. आदल्या रात्रीचे नव्हे, लय दिवसांचे. तो हसायचा थांबला. नुसता थांबला, काही विचारलं नाही. ज्ञानेश्वरीला तो पहिल्यांदा आवडला तो असा... हसताना नाही, हसायचा थांबताना.

"पण मला आज घ्यायचं काहीच नाहीये," ती म्हणाली. "कालच पक्ष लागलाय. आमच्या घरी पक्षात नवी वस्तू आणत नाहीत. घट बसले की घेईन."

"मग आज यादी कशाला आणली?"

"बघून ठेवायला."

"काय बघून ठेवायला?"

"...भाव."

त्यानं कागद उलटा-सुलटा केला, पेन्सिल कानावरून काढली. "नवं चालत न्हाई ना? जुनं चालतंय की!"

आणि बघता बघता तो आख्ख्या दुकानात नाचला. पेंडीचं रिकामं पोतं चौघडी केलं — ही गादी. पोचा आलेली जर्मनची वाटी — हे भांडं, आणि तिची बहीण पाण्याला. मक्याचं कणीस दाणे काढून — हे खेळणं. नारळाची शेंडी — हा ब्रश, अर्धी वापरलेली शिकेकाई — हा शाम्पू, शेळ्यांची खुरं छाटायची जुनी कात्री — ही नखांना. त्यांच्या घरचा बैल विकून तीन वर्षं झाली होती, त्याचा सुती कासरा खुंटीला होता. तो हातभर कापून त्यानं दोरी केली, उरलेल्या तुकड्याचा पट्टा केला, पट्ट्याला बैलाच्याच माळेतलं एक घुंगरू बांधलं. "हा बिल्ला. पत्ता न्हाई लिहिलेला, पण आवाजावरून सापडंल."

एकेका ओळीवर टिक पडत गेली. ज्ञानेश्वरीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. दीड वर्षात पहिल्यांदा.

पेन्सिल शेवटच्या ओळीवर आली.

"ही मात्र... जुनी मिळत न्हाई."

"मग घट बसल्यावर."

त्यानं तोंड उघडलं. प्रीतमनं — नाव प्रीतम, दुकान मामाचं, पशुसंवर्धनाचा डिप्लोमा स्वतःचा — त्यानं तोंड उघडलं होतं, हे ज्ञानेश्वरीला नंतर कितीतरी वेळा आठवलं. काहीतरी सांगायला उघडलं होतं. पण ती समोर उभी होती, केसांतून पाणी निथळत होतं...

"चालतंय," तो म्हणाला. "तेरा-चौदा दिवसांत काय होतंय? मी परभणीहून मागवून ठेवतो. तुमी याल ना परत?"

"येईन."

त्यानं अकराव्या ओळीभोवती गोल काढला.

*

ज्ञानेश्वरीच्या घरात तीन माणसं होती आणि आवाज एकाचाच होता — कडूबाई आत्याचा. तोही भांड्यांशी बोलायचा. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून तिचे अप्पा, दत्तराव, जिनिंगच्या वजनकाट्यावरून यायचे, पाय धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. "जेवता का?" विचारलं की "हं." "बरं वाटत नाही का?" तरी "हं." दीड वर्ष हं. एका घरात किती हं मावतात, सांगा!

आत्यानं पिल्लाला बघून तोंड वाकडं केलं. "देवघराच्या उंबऱ्याकडं फिरकली तर बघ." सरकी पहिल्याच दिवशी देवघराच्या उंबऱ्यावर झोपली.

नवमीला आईचं पित्तर होतं. पत्र्यावर कावळ्याचं पान ठेवलं, गाईचं बाजूला काढलं, कुत्र्याचा घास अंगणात मांडला. कावळा काही येईना. तास झाला, सव्वा तास झाला. आत्या हात जोडून पुटपुटायली, "वहिनी, काय राहिलंय गं तुझं? कशात जीव अडकलाय?" अप्पा खाली मान घालून बसलेले. आणि घुंगरू वाजवत सरकी आली. कुत्र्याच्या पानात तिनं तोंड घातलं, खीर नाकाला फासली, वडा उचलला आणि तो घेऊन थेट अप्पांच्या पायाशी येऊन बसली.

"हाड!" आत्या ओरडली.

"खाऊ दे," अप्पा म्हणाले. "तिचाच वाटा हाय."

आत्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दीड वर्षानं! अप्पांचा आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला होता, पण निघाला होता. त्या दिवशी ते आणखी दोनदा बोलले. एकदा "दूध दिलं का हिला?" आणि एकदा झोपताना, "पायात येती लेकाची."

ज्ञानेश्वरी दुसऱ्या दिवशी दुकानात पळतच गेली. सरकीचं वजन करायचं हे निमित्त.

"कालच केलं की वजन," प्रीतम म्हणाला. "एका दिवसात काय हत्ती होतीय?"

"तुम्हाला त्रास होत असेल तर नाही येत."

"मी कुठं त्रास म्हणलो? रोज दोनदा करू. सकाळी हिचं, संध्याकाळी तुमचं."

"माझं कशाला?"

"हसायला लागल्यापासून वाढायलंय असं वाटतंय."

तिनं सरकीचं खेळण्यातलं कणसाचं बुरकुंड फेकून मारलं. त्यानं ते झेललं. मग तिनं अप्पा बोलल्याचं सांगितलं. प्रीतम म्हणाला, "मग तर हिला जपलं पायजे." आणि ती म्हणाली, "हिला काही झालं ना... आमचं घर परत मुकं होईल."

दोघांचीही नजर काउंटरवरच्या काचेखाली गेली. तिथं यादी ठेवली होती. दहा टिका. एक गोल.



*

पक्षाच्या तेराव्या दिवशी सकाळी घुंगरू वाजलं नाही.

सरकी पोत्यावर पडली होती. दुधाकडे बघेना. पिवळं ओकली, मग मागून रक्त. ज्ञानेश्वरी तिला ओढणीत गुंडाळून पळाली तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. प्रीतमनं ओढणी उघडली आणि त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"पार्वो. पिल्लांतली साथ," तो म्हणाला. इतकं हळू, की ज्ञानेश्वरीला वाटलं त्यानं दुसऱ्याच कुणाला सांगितलं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुई लावली. सलाइन सुरू केलं. चष्म्यावरून बघत विचारलं, "लस दिली होती का?"

पावसाचा आवाज लय मोठा येत होता.

"मी विचारतोय, लस?"

"न्हाई, सर," प्रीतम म्हणाला.

दोन दिवस अंगणातल्या कपड्यांच्या वलणीला सलाइनची बाटली लटकली होती. प्रीतम सकाळी यायचा, बाटली बदलायचा, दुपारी यायचा, इंजेक्शन द्यायचा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. कडूबाई आत्या पिल्लाला शिवत नव्हती ना? तीच सरकीचे चार थंड पाय हातात धरून चोळत बसली. अप्पा परत भिंतीकडे तोंड करून बसले. ज्ञानेश्वरीनं विचारलं, "अप्पा, दोन घास खाता?"

"हं."

सर्वपित्रीच्या दुपारी आख्ख्या गल्लीत वड्यांचा वास सुटला होता. आत्यानं सगळ्यांच्या नावानं पान काढलं, कुत्र्याचा घास अंगणात ठेवला. सरकीनं मान उचलली. वासानं असेल. तिचं नाक एकदा हललं... आणि मान पोत्यावर आली ती आलीच.

घास तसाच राहिला. त्यावर पाऊस पडला.

जिनिंगमागच्या बाभळीखाली अप्पांनी खड्डा केला. प्रीतमनं वरून चुना टाकला. जाताना तो काहीतरी म्हणायला लागला, "ज्ञानेश्वरी, मी..." ती म्हणाली, "नका. काहीच नका बोलू." आणि चालायला लागली. चिखलात तिच्या चपलांचा आवाज तेवढा येत राहिला.

त्या रात्री तिला एकच कळत होतं. आई गेली तेव्हा निदान रडायला तरी येत होतं.

*

सकाळी घट बसले. आत्यानं माती पसरली, गहू पेरले, दिवा लावला. कुणाच्याच हातात जोर नव्हता.

आणि दारात प्रीतम उभा. ओलाचिंब, हातात थर्मास.

"तुम्ही कशाला आलात?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

"चारी पिल्लांची लस आलीय. परभणीहून, पहाटेच्या गाडीनं. बर्फात हाय." त्यानं थर्मास पुढं धरला. "सरकीची बी आलीय. नको म्हणून कळवायला... माझी जीभ उचलली न्हाई."

"जा तुम्ही."

"जातो. एकदा ऐका आन् मग आयुष्यात तोंड दाखवू नका म्हणा." तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मला ठाऊक होतं. डिप्लोमा हाय माझा, मला ठाऊक नसंल का? पंधरा दिवस थांबायचं नसतं, हे त्या दिवशी माझ्या तोंडात आलं होतं. पण मला वाटलं, आज थांबायला न्हाई म्हणलो, भीती घातली, तर ही पोरगी परत येणार न्हाई. आन् घट बसल्यावर म्हणलो तर परत येईल. मला फक्त तेवढंच दिसलं... तू परत येशील एवढंच."

तो 'तू' म्हणाला होता. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ज्ञानेश्वरीच्या आलं.

"माझ्या एका इच्छेपायी तुझं—"

"पौष होता," आतून आवाज आला.

सगळे वळले. अप्पा भिंतीकडून तोंड फिरवून बसले होते.

"हिच्या आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणले, आजच्या आज संभाजीनगरला न्या. मी म्हणलो, पौष हाय, पौष संपू द्या. एक महिना." अप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, जसे काट्यावर वजन मांडतात तसे. "माघात नेलं तर डॉक्टर म्हणले, महिनाभर आधी का आणलं न्हाई? ...माझ्या महिन्याला मला कुणी काही बोललं न्हाई, लेका. तुझ्या पंधरा दिवसांला मी काय बोलू?"

कडूबाई आत्यानं पदर तोंडात कोंबला. ज्ञानेश्वरी अप्पांकडे बघत राहिली. म्हणजे हे होतं तर, त्या सगळ्या हं-च्या खाली... दीड वर्ष! ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि दोन दिवस अडकलेलं रडू आलं. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

थोड्या वेळानं प्रीतम दारातूनच म्हणाला, "बर्फ वितळायलाय."

"मग?" नाक पुसत ज्ञानेश्वरी म्हणाली.

"जिनिंगमधी सरकीची तीन भावंडं हायेत. उशीर झाला असंल, नसंल, मला म्हाईत न्हाई. पण आज न्हाई दिली तरी चालतंय, असं मी परत कुणाला म्हणणार न्हाई."

अप्पाच आधी उठले. "कुत्री चावती. मला ओळखती. चला."

कापसाच्या ढिगामागं अप्पांनी आईकुत्रीला भाकरी दिली, ज्ञानेश्वरीनं एकेक पिल्लू छातीशी धरलं, प्रीतमनं सुई टोचली. तिघांनीही केकाटून घेतलं. किती दिवसांनी तिला केकाटणं गोड वाटलं! थर्मासमधे चौथी बाटली उरली. तिनं ती हातात घेतली. बारकीशी, थंडगार. मुठीत धरून ठेवली, गरम होईपर्यंत.

"ह्यातलं एक घेऊन जाऊ?" तिनं विचारलं.

"न्हाई." प्रीतमनं मान हलवली. "तुमच्या घरात तो रोग हाय आता. फरशीला, मातीला. सहा महिने नवीन काही आणायचं न्हाई."

"सहा महिने?"

"हं."

"हं नको म्हणू," ती एकदम म्हणाली. "आमच्या घरात फार झालेत."

पावसाची भुरभुर पत्र्यावर वाजत होती. मग खिशातून त्यानं तो कागद काढला. यादी. पाण्यानं शाई पसरली होती, पण दहा टिका दिसत होत्या, आणि गोलही. तो कागद त्यानं तिच्याकडे धरला, सोडला मात्र नाही.

"मी येत जाऊ का?" त्यानं विचारलं. "रोज. अंगण धुवायला, चुना मारायला... तू बोलली न्हाईस तरी चालंल."

"नवीन काही आणायचं नाही म्हणालास ना?"

"मी कुठं नवीन हाय?" प्रीतम म्हणाला. "मी जुनाच. पक्षातला."

ज्ञानेश्वरीला हसू यायला नको होतं. बाभळीखालची माती अजून ओली होती, चुना अजून पांढरा होता. हसू आलं नाहीच धड, ते घशात रडण्याला जाऊन धडकलं आणि दोन्ही मिळून एक वेडावाकडा आवाज निघाला. तिनं कागद ओढून घेतला नाही. तसाच धरून ठेवला — एक टोक त्याच्याकडं, एक तिच्याकडं.

"रागावलेय मी अजून," ती म्हणाली.

"राहा की. मी कुठं घाई करायलोय?"

"आणि स्वतःवर जास्त."

"त्यातला अर्धा मला दे."

फाटकापाशी अप्पा थांबले होते. त्यांनी मागं वळून बघितलं आणि हाक मारली. ढिगामागची पिल्लंसुद्धा दचकली, इतक्या मोठ्यानं.

"ज्ञाने! चल की गं, आत्यानं च्या टाकला असंल! आन् त्या पोराला बी घेऊन ये, भिजलंय लेकरू!"