कापसाच्या खोलीतली धून

रिसोडच्या बसस्टँडमागं 'इंद्रभान साउंड' नावाचं दुकान. मालक इंद्रभान दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या मांडवात स्पीकरच्या पेट्या लावत फिरणार, आणि गल्ल्यावर बसणार त्याची मुलगी सुकेशनी. गिऱ्हाईक पायरी चढतं न चढतं, तोच ही त्याला तोलून मोकळी. भजनी मंडळवाले माइकवर टिचकी मारून पाहतात, पुढारी 'लांब जाते का' एवढंच विचारतात, आणि लग्नवाले भाव केल्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत.

पण चादरीत गुंडाळलेली गिटार लेकरासारखी छातीशी धरून, पायरीवर ठेचकाळत जो आत आला, तो यांतल्या कुठल्याच खान्यात बसेना.

"घरी गिटार रेकॉर्ड करायची हाये, मॅडम. सगळ्यात चांगला माइक द्या."

"घर कसं हाये थे सांगा पयले."

"माइकचा अन् घराचा काय संबंध?"

"सोयरीक करायची म्हटलं तं घर पाहाच लागते ना," ती म्हणाली. तो हसला. हसताना त्याची नजर एकदम खाली जायची... हेही तिनं टिपून घेतलं.

रिठदचा प्रज्वल. घर टिनाचं, भिंतीला लागून पिठाची गिरणी. तिनं दोन माइक समोर ठेवले.

"हा गाणाऱ्यायचा. तोंडापुढचं तेवढं आयकते, बाकी दुनियेले बहिरा. अन् हा कंडेन्सर. तारेवरून बोट सरकलं तरी याले समजते. पण चहाडखोर हाये. गिरणी, कोंबडी, शेजारीण, सारं घेऊन येते."

"मले चहाडखोरच द्या. गिटारीचं काहीच सुटाले नोको."

"मंग घरातली सगळ्यात गप्प खोली सांगा."

त्यानं बराच विचार केला. "कापसाची. भाव नाई म्हणून भरून ठेवला हाये, पार आढ्यापर्यंत."

"तिथंच बसा. कापूस आवाज पिऊन घेते."

दुकानातला माल वापरून पाहायला घरी द्यायचा नाही, हा इंद्रभानचा नियम. तिनं दिला. संध्याकाळी रिकामी जागा पाहून बाप म्हणाला, "माल देऊन राह्यली का आहेर?" तिनं वायरी गुंडाळायला घेतल्या. बापानं पुढं विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात वाशिमच्या एका स्थळाचा विषय मात्र काढला. सुकेशनी म्हणाली, "थोडं थांबवा त्यायले." कशासाठी, ते सांगितलं नाही.

प्रज्वल येत राहिला. कधी वायर लागायची, कधी स्टँड, कधी नुसतंच 'इकडून चाललो होतो'. रिठदहून रिसोडला नुसतंच कुणी येत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? 'मॅडम' गळालं, 'तुमी'ही गळालं. एकदा तिनं त्याच्या गिटारीपुढं माइक धरून दाखवला. "भोकासमोर नोको ठेवू, बोंबलते. इथं ठेव, मान पोटाले भेटते तिथं. एक वीत दूर."

"कोणाची वीत? तुयी का मायी?"

तिनं हात पसरला, त्यानं शेजारी आपला. अंगठ्याला अंगठा लागला... आणि मग माइक कुठं ठेवायचा, ते राहूनच गेलं.

"अन् एक ध्यानात ठेव," ती घाईघाईनं म्हणाली. "वाजवणं झालं की लगेच बंद नोको करू. शेवटचा सूर पुरा विझू दे. सगळे तिथंच चुकतात."

"नाई चुकणार. एक धून बसवून राह्यलो, तुयासाठी. थे झाली की घरी बोलतो."

मांडवाच्या दिवसांत धून तयार झाली. त्यानं पेन ड्राइव्ह गल्ल्यावर ठेवला. "फोनवर आयकली मी. मस्त आली."

फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर काय ऐकू येणार! तिनं दुकानातला मोठा हेडफोन कानाला लावला. कापसानं सगळं गाव पिऊन टाकलं होतं. उरल्या होत्या नुसत्या तारा, आणि मधूनच त्याचा श्वास. सुकेशनीनं डोळे मिटले. वाशिमच्या पाहुण्यांना आता कायमचं थांबवायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं.

शेवटचा सूर लांबत गेला. तो पुरता विझलाही नव्हता, तेवढ्यात दार करकरलं. एक बाईमाणूस म्हणालं, "त्या दुकानातल्या पोरीचं काय हाये रे? आपल्यातली नाई थे."

आणि मग प्रज्वल, अगदी माइकजवळून, "काही नाई वं आई. फुकटात शिकवते म्हणून जातो. तू धनजचं स्थळ पाह्य ना."

मग खट्, बंद.

"कशी वाटली?" समोरचा प्रज्वल विचारत होता.

तिनं हेडफोन काढून त्याच्या कानांवर ठेवला. तो स्वतःच्याच धुनेवर मान डोलवत राहिला. तारा थांबल्या तसा हेडफोन काढायला त्यानं हात उचलला; फोनवरही त्यानं एवढंच ऐकलं होतं. तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. सूर विझू दे."

त्याची मान डोलायची थांबली. नजर खाली गेली. या वेळी तो हसत नव्हता.

"आईले तसंच सांगा लागते, सुकेशनी... तुले माईत नाई आमचं घर."

"काय सांगतलं त्याचं काही नाई. सांगताना तुया आवाज जरासाबी हालला नाई. मी आवाजाचंच काम करते."

बाहेर एक बस लागली, भरली, निघून गेली. तिनं तो दुसरा, गाणाऱ्यांचा माइक डब्यात घालून पुढं सरकवला. "हा घेऊन जाय. दारातलं बोलणं घेत नाई हा. कंडेन्सर परत आणून दे."

त्यानं डबा उचलला. पायरीपर्यंत गेला, वळला. काही तरी बोलेल, असं तिला अजूनही वाटलं, ही तिची चूक.

"तेवढं... शेवटचं कापता येते ना? धून चांगली आली हाये. यूट्यूबवर टाकली असती."

"येते," सुकेशनी म्हणाली.

आईचं बोलणं सुराच्या अंगावरच आलं होतं. बोलणं काढायचं तर सूरही तिथंच तोडावा लागणार. तिनं तो तोडला आणि पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. मग बापाला फोन लावून विचारलं, वाशिमचे पाहुणे अजून थांबलेत का.