मामाच्या दुकानातला गुलाबी ठिपका

“थांबवा वो! जीप थांबवा!”

कौसल्याकाकू रस्त्यानं धावत होत्या. पदर खोचलेला, एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात मोबाईल. पण कापूस वेचायला निघालेल्या बायांनी गच्च भरलेली जीप दारव्ह्याच्या चौकातून वळली आणि धुरळा उडवत दिसेनाशी झाली.

दीपा, तिचा धाकटा भाऊ राजदीप आणि मैत्रीण उमेरा ओट्यावर बसून दिवाळीच्या सुटीचे बेत आखत होते. बेत कसले, भांडणच! राजदीपला तलावावर जायचं होतं, उमेराला क्रिकेटचा सामना घ्यायचा होता, आणि दीपाचं एकच टुमणं चाललं होतं, मामाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचं.

“काकू, काय झालं?” दीपा उडी मारून खाली आली.

“काय होते बाई! जीपवाल्या पूनमसिंगनं पहाटे सगळ्यायले फोन केला, आज लवकर निघतो म्हणून. अन् माहा फोन बंद! रातभर लावून ठेवला, उलीसा बी चार्ज झाला नाही.” काकूंना धाप लागली होती. “आता पुन्हा खाडा झाला तर तो दुसरी बाई घेनार हाय माह्या जागी. पुरी वेचणी हातची जाईल वो!” मग त्यांनी दीपाकडे पाहिलं. “तुह्या मामानंच तर चार्जिंगचा नवा पोर्ट टाकला ना यात? तुह्या शब्दावर गेलती मी त्याच्याकडे!”

दीपाचा चेहरा पडला. खरंच होतं ते. जिथून फोन घेतला त्या दुकानानं ‘वॉरंटी संपली, आता आम्ही हात लावत नाही’ म्हणून काकूंना वाटेला लावलं होतं. तेव्हा दीपाच मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, “माहा प्रफुल्लमामा हाय ना! वॉरंटी गेली तर गेली, तो हाय!” थोडे दिवस फोन छान चालला. मग वायर वाकडी धरली तरच चार्ज व्हायला लागला, आणि आता तेवढंही नाही.

काकू घरी गेल्या. राजदीप नाक खाजवत म्हणाला, “दीपाताई, एक गोष्ट सांगू? इंदूबाईच्या बहिणीचा फोन बी मामानंच दुरुस्त केलता. तो बी असाच झाला. अन् आपल्या गल्लीतल्या म्हातारीचा बी. सगळ्या वेचणीच्या बाया!”

“मंग? मामा काय जादूगार हाय? फोनच स्वस्तातला हाय तो, घरोघरी एकच!”

“मी कुठं काय म्हणलं? तूच लाल होऊन राह्यली!”

“होणारच! मामाबद्दल वाकडं बोललास ना, तर बघ!”

“ए, गप बसा दोघं!” उमेरा मध्ये पडली. उमेराचं डोकं फार थंड. तिचे अब्बू जफरचाचा मोटारसायकलचं गॅरेज चालवत, अगदी प्रफुल्लमामाच्या दुकानाला लागून. “दीपा, तुझ्या मामानं काही केलं नाही ना? मग आपण तेच शोधून काढू. सगळ्यांची तोंडं बंद!”

“हौ! काढूच!” दीपानं पाय आपटला. मामाचं नाव साफ करायचं, बस्स! सुटीचा बेत ठरला.

आणि का नाही साफ करणार? शाळेत नापास झालं तर घरचे ओरडत, मामा मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात द्यायचा. फोनचं मागचं झाकण कसं उचकटायचं, इवलेसे स्क्रू चुंबकावर कसे ओळीनं ठेवायचे, सगळं त्यानंच शिकवलं होतं. ‘ही माही चेली, मोठी झाली की दुकानावर दोघायचं नाव टाकतो,’ असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा दीपाला जमिनीवर पाय ठेवावेसे वाटत नसत.

त्याच संध्याकाळी घबाड सापडलं! शेजारच्या इंदूबाई तोच रडका सूर घेऊन आल्या. “पोट्ट्याहो, माह्याबी फोनचं चार्जिंग गेलं. उद्या न्यावं लागते वाटते प्रफुल्लकडे.”

“मावशी, शेतात फोन कुठं ठेवता?” उमेरानं विचारलं.

“कुठी म्हणजे? ओटीत! कमरेला कापसाची ओटी बांधलेली असते, त्यातच टाकतो आमी सगळ्या. दुसरा खिसा हाय काय आमाले?”

दीपाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं फोन बंद केला, पोर्टमध्ये बॅटरीचा उजेड मारला आणि टूथपिकनं अगदी हळू कोरायला लागली. आधी काहीच नाही. मग एक धागा आला. आणि धाग्यामागून कापसाचा दाबून दाबून घट्ट झालेला बोळा बाहेर!

“आई शप्पथ!” राजदीप ओरडला. “मावशी, फोनमंधी बी वेचणी चालू हाय तुमची!”

चार्जर लावला, आणि फोन टुणकन चार्ज व्हायला लागला! इंदूबाईंनी दीपावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. राजदीप तर नाचायलाच लागला. पण उमेरा नाचली नाही.

“दीपा, पोर्ट झिजलाच नव्हता. नुसता कापूस होता. मग कौसल्याकाकूंचा पोर्ट मामानं बदलला कायले?”

“त्याला दिसला नसंल कापूस!”

“आधी उजेड मारून आत पाहायचं, हे तुला कोणी शिकवलं?”

दीपानं टूथपिक खाली ठेवली. शिकवलं होतं मामानंच.

“ठीक हाय,” ती शेवटी म्हणाली. “मावशी, तुमचा फोन उलसा वेळ द्या. अन् उद्या मामाच्या दुकानात न्या. मंग पाहाच तुम्ही, मामा हसून कापूस काढून देईल आणि चहा पाजून पाठवंल!”

इंदूबाईंना गंमत वाटली. त्या हो म्हणाल्या. दीपानं फोन उघडला. ज्याच्यावर चार्जिंगचा पोर्ट बसवलेला असतो तो छोटा बोर्ड खालच्या कोपऱ्यात होता, एकदम कोरा करकरीत. उमेरानं खिशातून ईदची उरलेली नेलपॉलिशची बाटली काढली आणि बोर्डाच्या कडेला, जिथं तांबं नाही अशा जागी, एक गुलाबी ठिपका दिला. वाळल्यावर झाकण बसलं. कापसाचा बोळा पुन्हा पोर्टात ठासला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वेचणीची जीप परतायच्या वेळी, दीपा नेहमीसारखी दुकानात बसली. इंदूबाई आल्या. मामानं फोन घेतला, पोर्टात उजेड मारून पाहिलं. आता हसेल तो. आता म्हणेल, अवं मावशी, हा तर कापूस!

“झिजला हो मावशी पोर्ट,” मामा चुकचुकत म्हणाला. “पुरा गेला. वॉरंटी हाय काय? नाही ना? मंग नवा टाका लागते. ओरिजिनल टाकून देतो, फिकर नका करू. दीपे, जाय बरं, चहा सांगून ये!”

दीपा उठली. टपरीपर्यंत गेली आणि मध्येच थबकली. वेचणीची बाई आली की मामा नेहमी तिलाच चहा सांगायला पाठवायचा! आणि ती वेडी, आपल्याशिवाय मामाचं पान हलत नाही म्हणून खुशीत धावायची!

ती परतली तेव्हा फोन तयार होता. ठरल्याप्रमाणे इंदूबाई तो घेऊन शेजारच्या गॅरेजात शिरल्या, तिथं उमेरा आणि राजदीप वाट पाहत होते. काहीतरी निमित्त काढून दीपाही मागून गेली. जफरचाचांनी बाकावरचं सामान सरकवून जागा करून दिली. दीपाच्या हातून एक स्क्रू दोनदा निसटला. झाकण निघालं.

ठिपका नव्हता.

होता तो एक जुनाट, काळवंडलेला बोर्ड. त्याच्या पोर्टातली जीभ हलणाऱ्या दातासारखी डुगडुगत होती.

“चांगला काढून घेतला अन् कोणाचा तरी झिजलेला घातला!” राजदीप म्हणाला. या वेळी त्याच्याही आवाजात गंमत नव्हती. “थोडे दिवस चालते, मंग बंद. कौसल्याकाकूचं बी असंच केलं असंल त्यानं.”

“चूक झाली असंल!” दीपा ओरडली. “बोर्ड इकडचा तिकडं झाला असंल! मी जाऊन पाहते. तो मावशीचा बोर्ड बाजूला काढून ठेवला असंल त्यानं. तुम्ही इथंच थांबा!”

जफरचाचांनी तिच्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

दुकानात आता जीपवाले पूनमसिंग येऊन बसले होते. भरघोस मिशा, मोठा आवाज. “प्रफुल्ल, पोर्ट ओरिजिनल पाह्यजे बरं का! माह्यासोबत डुप्लिकेटचा धंदा नको. माह्या फोनवर पुरी टोळी चालते.”

“काका, तुमाले डुप्लिकेट देईन काय मी? हा पाहा, डायरेक्ट कंपनीतून आला!” मामानं ड्रॉवरमधून बोर्ड काढून चिमट्यात उंच धरला.

कडेला गुलाबी ठिपका होता.

दीपाला वाटलं, आपण परत जावं. जाऊन सांगावं, काही नाही, चूकच झाली होती. पण कौसल्याकाकू धुरळ्यात उभ्या राहिलेल्या तिला दिसत होत्या. तिनं विचारलं, “मामा, त्याच्यावर तो गुलाबी ठिपका कायचा हाय?”

मामानं बोर्ड डोळ्यांजवळ नेला. क्षणभर गोंधळला आणि लगेच हसला. “हा? अवं येडे, कंपनीचा शिक्का हाय तो! ओरिजिनलची खूण!”

“अच्छा!” दारातून आवाज आला. उमेरा उभी होती, तिच्यामागं राजदीप, इंदूबाई, आणि राजदीपनं धावत जाऊन आणलेल्या कौसल्याकाकू. उमेरानं बाटली काऊंटरवर टक्कन ठेवली. “मंग ती कंपनी माझ्या खिशात हाय, मामा!”

तिनं काऊंटरच्या काचेवर एक ठिपका दिला. तोच रंग, तोच गुलाबी.

इंदूबाईंनी उघडा फोन पुढं केला. “तो माहा बोर्ड हाय बाबू! काल या पोरीनं माह्यादेखत रंग लावला त्याले. माह्या फोनात हे कायचं भंगार घातलं तू?”

“माह्या फोनचं बी असंच केलं यानं!” कौसल्याकाकू म्हणाल्या. पूनमसिंग सावकाश उठले. एकदा बोर्डाकडे, एकदा कौसल्याकाकूंकडे पाहिलं. “म्हणजे या बाईचा चांगला बोर्ड काढून असाच कोणाच्या तरी फोनात घातला तू? अन् फोन उचलत नाही म्हणून मी तिले टोळीतून काढाले निघालो होतो! प्रफुल्ल, लाज वाटली नाही तुले?”

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. जफरचाचा दारात येऊन उभे राहिले. “प्रफुल्ल, बाजूला दुकान म्हणून मी तुझ्यासाठी जबान देत होतो लोकांना. आज इथंच, या सगळ्यांसमोर, एकेकीला नवा बोर्ड घालून दे. खराखुरा. मी बसतो इथं.”

आणि ते खरोखरच स्टूल ओढून बसले! मामानं खाली मान घालून काम सुरू केलं. बातमी पसरली, वेचणीच्या बाया फोन घेऊन दुकानापुढं जमल्या. कौसल्याकाकूंचा फोन सर्वांत आधी चार्ज व्हायला लागला. “उद्यापासून जीप तुमच्या दारापुढं थांबल, मावशी,” पूनमसिंग म्हणाले. मग त्यांनी पोरांकडे वळून मिशीवर हात फिरवला. “वा रे पोट्टेहो! पोलिसायले जमलं नसतं ते तुम्ही केलं!”

“शाब्बास, बेटा!” जफरचाचांनी उमेराची पाठ थोपटली. राजदीप सगळ्यांना ठिपक्याची कथा पुन्हा पुन्हा सांगत सुटला, आणि दर वेळी तिच्यात आपलं काम थोडं वाढवत होता.

दीपा एका कोपऱ्यात उभी होती. मामानं एकदाच मान वर केली. “दीपे,” तो हळूच म्हणाला, “घरातली गोष्ट व्हती. आधी मले येऊन विचारायचं ना.”

“विचारलं ना मामा! ठिपका कायचा हाय म्हणून विचारलं. तेव्हा खरं बोलला असता तरी मी...” पुढचं तिला बोलवेना. ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली.

कौसल्याकाकू मागून धावत आल्या. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “अवं माय, रडते कायले? माही वेचणी वाचवली तू! एवढे मोठे मोठे लोक शाब्बासकी देऊन राह्यले. जिंकली ना तू!”

“हौ काकू,” दीपा हुंदका देत म्हणाली, “पण मले हरायचं होतं!”