भिंतीवरचा शेकाट्या

लाइट गेलीच आहे, तर ऐका. आधी ते मोबाइल खाली ठेवा. माझ्या साडूची गोष्ट आहे. खोटी असती, तर मी त्याला इतकं महत्त्व दिलं नसतं.

हा माणूस पहिल्यापासूनच नुसता बोलघेवडा. तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायला काढलं होतं आणि हॉलच्या भिंतीला ही एवढी ओल! ती दुरुस्त करायची सोडून यानं एका बंद पडलेल्या कॉलेजच्या लिलावातून पेंढा भरलेला शेकाट्या उचलून आणला. शेकाट्या म्हणजे उथळ पाण्यात चालणारा, लांब तांबड्या पायांचा पक्षी. काचेच्या पेटीत दोन्ही पायांवर ताठ उभा. ती पेटी बरोबर ओलीवर टांगली आणि आल्यागेल्याला सांगत सुटला, "आर्ट आहे, आर्ट!" जन्मात कावळा-कबुतरापलीकडे पक्षी ओळखता आला नाही, आणि निघाला रसिकता दाखवायला.

घर बघायला एक शिक्षिका आल्या. बरोबर लहान मुलगी, तिला दमा. बाईंनी एकच विचारलं, "कुठे ओल नाही ना? हिला सोसत नाही."

"छे हो! ठणठणीत कोरडं!" हे म्हणताना बेशरम त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

सही रविवारी सकाळी होती. आदल्या रात्री, म्हणजे गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, हा हीटर घेऊन त्या रिकाम्या घरात गेला. रात्रभर भिंत शेकायची, म्हणजे वास मरेल. सतरंजी टाकून आडवा झाला. बाराच्या सुमाराला हीटर विझला.

अंधार.

डुबुक... डुबुक...

पाण्यातून कुणीतरी पाय उचलत चाललं होतं. यानं फरशी चाचपली. कोरडी. डुबुक... आवाज जवळ आला. उशाशी थांबला. मग कपाळाला काहीतरी टेकलं. थंड. टोकदार.

"आहे..." हा रडायलाच लागला. "ओल आहे..."

पुढं काही नाही. उजाडेपर्यंत काहीच नाही.

तुम्हाला वाटेल, सुधारला असेल. कुठलं काय! ऊन वर आलं तशी याची भीड परत मेली. बाई आल्या तेव्हा हा दाढी करून तयार. "सही इथे करा." बाईंनी पेन उघडलं, तेवढ्यात पेटीसमोर उभी असलेली मुलगी म्हणाली, "आई, परवा हा दोन पायांवर उभा होता."

आता एकाच पायावर होता. दुसरा पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला, विसावलेले पाणपक्षी घेतात तसा.

बाईंनी साडूकडे पाहिलं. तोंड पांढरंफटक.

"पेटी खाली काढा," त्या म्हणाल्या.

मागे पोपडे आणि काळी बुरशी. बाईंनी पेनाला टोपण लावलं, मुलीचा हात धरला आणि जिना उतरून गेल्या.

मग साडूला माझी आठवण झाली. एरवी कधी होत नाही. "कुणीतरी तुझी गंमत केली रे," मी म्हणालो. खरं तर त्या वाळक्या पायात तार असते, वाकवायला गेलं तर पाय मोडतो. काच मीच काढली. हसत होतो मी. पिसांत बोट घातलं...

...

पाय शाबूत होता, पोरांनो. आणि आत ऊब होती.